दसऱ्याची हातोडी

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या राजापेठेत दारादारांवर झेंडूच्या माळा अजून टवटवीत होत्या, आणि बापूसाहेब पांढरीपांडे आपल्याच वर्कशॉपच्या फरशीवर पालथे पडले होते. डोक्याच्या मागच्या बाजूला एकच घाव होता. घालणाऱ्याला दुसऱ्याची गरज पडली नव्हती.

बापूसाहेब रेल्वेत इंजिनियर म्हणून हयात घालवून निवृत्त झालेले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. अशा माणसाने खरं तर पेन्शन खावी, संध्याकाळी पत्ते कुटावेत आणि सरकारला शिव्या द्याव्यात. ते सोडून त्यांनी 'तंत्रशिक्षित साहाय्यक मंडळ' नावाचं लचांड पाठीमागे लावून घेतलं होतं. चौसष्ट सालची गोष्ट आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून पोरं भराभर बाहेर पडत होती, हातात सर्टिफिकेट असायचं, पण कारखान्याच्या फाटकावरचा गुरखा त्यांना आत सोडत नसे. कारण ओळख नाही. बापूसाहेब अशा पोरांना राजापेठेतल्या वर्कशॉपात कानस मारायला लावत, हात बसला की वीजघर, रेल्वे, जिनिंग-प्रेसिंग, जिथे दार किलकिलं होईल तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून आत ढकलत. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत मिळून किती घरांत त्यांच्यामुळे पहिला पगार आला, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही.

प्रेत पाहिलं ते भगवंत मास्तरांनी. भगवंत लोहकरे वर्कशॉपचे उस्ताद, कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. सकाळी आले तर दार नुसतं लोटलेलं. त्यांनी आरडाओरड केली नाही. काही वेळाने चौकीवर गेले आणि फौजदारांना घेऊन आले.

फौजदार चिंतामणराव देशकरांना फार डोकं खाजवावं लागलं नाही. प्रेताशेजारी हातोडी पडली होती आणि तिच्या माथ्याच्या बगलेवर 'डी. टी.' अशी इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. मंडळाचा नियमच होता तसा. पोरांची हत्यारं एकमेकांत मिसळून भांडणं नकोत म्हणून प्रत्येकाने पोलादी पंच घेऊन आपली आद्याक्षरं हत्यारावर ठोकायची. डी. टी. मंडळात एकच होता, देवराव तायडे. आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी याच देवरावने बापूसाहेबांशी रस्त्यापर्यंत ऐकू येईल असं कडाक्याचं भांडण केलं होतं. दुपारच्या आत पोरगा कोठडीत गेला.

सिंधू बक्षीला ही बातमी शाळेत, नववीच्या वर्गात भूमिती शिकवताना कळली. सिंधू मुलींच्या हायस्कुलात शिकवायची आणि संध्याकाळी मंडळात पोरांकडून मुलाखतीची तयारी करून घ्यायची. लग्न केलं नव्हतं, त्यावरून गावाने बोलायचं तेवढं बोलून झालं होतं आणि आता गाव दमलं होतं. टेबलापलीकडे बसवलेला माणूस खरं कुठे बोलतो आणि कुठे सारवासारव करतो, हे तिला चांगलं उमगायचं. पोरं तिला बापूसाहेबांपेक्षा जास्त टरकून असत.

देवरावला सोमवारी अकोल्याकडच्या नव्या वीजघरात हजर व्हायचं होतं. जागा एकच होती. सोमवारी तो गेला नाही तर ती दुसऱ्याची. आणि खुनी ठरला, तर मग जागेची काळजी करायला तोच उरणार नव्हता.

फौजदारांची मुलगी सिंधूच्या वर्गात होती, म्हणून शाळेतून थेट चौकीवर आलेल्या बाईंना त्यांना दारातून परत पाठवता येईना. त्यांनी नाइलाजाने हातोडी दाखवली. माथ्याला सुतळी बांधून ती भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली होती, दांडा खाली. एका बाजूला रक्त वाळलं होतं. पण रक्ताच्या खालीही काहीतरी लाल होतं, आणि ते रक्त नव्हतं. सिंधूने जवळ जाऊन 'डी. टी.' वाचलं. अक्षरं अगदी सरळ, स्वच्छ उठली होती. अक्षरांच्या खाचांतलं लोखंड नव्या नाण्यासारखं चकाकत होतं.

"ते कुंकू आहे," फौजदार म्हणाले. "दसऱ्याची पूजा झालेली हातोडी. त्याच हातोडीने त्याने गुरूला मारलं. काय पोरं निपजतात पहा."

सिंधू अजून वाकून पाहू लागली. त्या लाल रंगाकडे पाहताना तिला कसलीशी भीती वाटत होती, आणि ती कशाची ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

२

देवराव कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. मारलेलं नव्हतं, पण मारतील या अपेक्षेने अंग चोरलेलं होतं. तिने त्याला नेहमीसारखंच विचारलं, आधी तो कोण, मग काय केलं, मग का केलं. मुलाखतीचा हा क्रम त्याच्या अंगवळणी पडला होता, म्हणून तो बोलता झाला.

भांडण खरं होतं. त्याचा मित्र सहदेव मागच्या हंगामात मंडळामार्फत अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत शिकाऊ म्हणून लागला. शिकवलं कोणी काही नाही. सरकी काढणाऱ्या रोलरवर उभं केलं, आणि उजव्या हाताची बोटं रोलरने नेली. मॅनेजर म्हणाला, पोराचंच लक्ष नव्हतं. बापूसाहेब त्यावर काही करतील म्हणून देवराव वाट पाहत राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा धीर सुटला.

"म्या म्हटलं त्याइले, तुमी आमाले नोकरीले धाडता का हात तोडाले धाडता," देवराव म्हणाला. "लय बोललो बाई मी. माफी मागाची होती. आता कोनाले मागू?"

दसऱ्याला तो आईवडलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. सोमवारची बांधाबांध करायची म्हणून दुपारच्या गाडीने एकटाच परतला, आणि संध्याकाळभर घरात एकटाच होता. साक्षीदार कोणी नाही. हातोडीचं विचारलं तर म्हणाला, माझी हातोडी माझ्या पेटीत, आणि पेटी सोमवारसाठी घरी आणलेली.

पोरगा खरं बोलत होता, यावर सिंधू पैज लावायला तयार होती. पण फौजदार तिच्याशी पैज लावणार नव्हते.

तायड्यांचं घर वस्तीच्या टोकाला. बाप डोमाजी सकाळपासून चौकीच्या पायरीवर बसून होता, त्याला कोणी उठवलंही नव्हतं आणि आतही घेतलं नव्हतं. घरी आई दुर्गाबाई. तिने रडणं केव्हाच थांबवलं होतं. तिने पलंगाखालून पेटी ओढली. आत कानशी, छिन्न्या, मापाचा कैवार आणि एक हातोडी, सगळं कसं जागच्या जागी. हातोडी पेटीत आडवी होती, दांडा उजव्या हाताला, आणि तिच्यावर सिंधूने सहज वाचलं, डी. टी.

म्हणजे डी. टी.च्या दोन हातोड्या होत्या. सिंधूच्या मनात आशा पालवली, पण फौजदार काय म्हणतील तेही तिला ऐकू येत होतं. माणसाने दोन हातोड्या ठेवायला कायद्याची बंदी नाही.

तिने हातोडी उचलून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. लोखंड काळसर पडलेलं, अक्षरांत तेल-मळ बसलेला. कुंकवाचा कुठे मागमूस नाही.

"दुर्गाबाई, दसऱ्याला या हत्यारांची पूजा नाही करत तुम्ही?"

दुर्गाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की सिंधूला आपल्याच प्रश्नाची लाज वाटली.

"दीक्षा घेतली ना जी आमी," ती म्हणाली. "छपन सालापासून घरात हळद-कुंकू नाही का हत्याराची पूजा नाही. मायी सासूचा कुंकवाचा करंडासुदा म्या वाटे लावला. दसऱ्याले आमी बुद्धवंदना करतो. पोरगा कायले कुंकू लावन हातोडीले?"

सिंधूने हातोडी परत पेटीत ठेवली. चौकीतल्या हातोडीवर कुंकू होतं. आणि आता तिला दुसरीही गोष्ट लख्ख आठवली. माथ्यावर सगळीकडे लागलेलं ते कुंकू अक्षरांच्या खाचांत मात्र नव्हतं. ओलं कुंकू कुठेही लावा, ते आधी खाचेत जाऊन बसतं. त्या खाचा कोऱ्या होत्या. म्हणजे कुंकू आधी लागलं, आणि नाव नंतर ठोकलं गेलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी प्रेत सापडण्याआधी कोणीतरी त्या हातोडीवर देवरावचं नाव ठोकलं होतं. खून करून आपलंच नाव हत्यारावर लिहून ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

३

चिंतामणराव देशकर हेकट होते, पण बुद्दू नव्हते. त्यांनी भिंग आणवलं, हातोडी उजेडात धरली, आणि बराच वेळ हुं हुं केलं. मग ते नको तिकडे वळले.

नाव ठोकायचं तर अक्षरांचे पंच हवेत. पंच वर्कशॉपच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली भगवंत मास्तरांच्या कमरेला. फौजदारांनी स्वतः त्या सकाळी कपाट उघडून घेतलं होतं, पंच आत जागेवर होते. शिवाय प्रेत पाहिल्याबरोबर मास्तर चौकीवर आले नव्हते. समोरच्या पानवाल्याने सांगितलं की दार उघडल्यावर मास्तर आत बराच वेळ होते. संध्याकाळपर्यंत भगवंत मास्तर देवरावच्या शेजारच्या कोठडीत असणार, हे ठरल्यासारखंच होतं. दोघांपैकी एक तरी फासावर जाणारच, असा एकूण रंग दिसत होता.

सिंधूने फौजदारांकडे थोडा अवधी मागून घेतला आणि आधी वर्कशॉप गाठलं. मास्तर लेथशेजारी स्टुलावर बसले होते. फरशी धुतलेली होती. बाहेर राजापेठेत सायकलींच्या घंट्या, भाजीवाल्यांची हाकाटी नेहमीसारखीच चालू होती, आणि आतलं ओलं मौन त्यामुळे जास्तच अंगावर येत होतं.

तिने त्यांना विचारलं, त्या सकाळी आत इतका वेळ काय करत होता. मास्तर बोलेनात. त्यांच्यासारखा रोखठोक माणूस नजर चुकवतो म्हणजे नक्की पाणी मुरतंय, हे तिने ओळखलं, आणि ती नुसती गप्प बसून राहिली. मुलाखतीत पोरांना प्रश्नापेक्षा हेच जास्त भारी पडतं.

"पूजा उचलत होतो," शेवटी ते म्हणाले.

दसऱ्याला वर्कशॉपातलं झाडून सगळं, हातोड्या, कानशी, पाने, अक्षरांचे पंचसुद्धा, कपाटातून काढून लेथसमोरच्या पाटांवर मांडलं जाई. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, समई. त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावायचा नाही, सगळं रात्रभर तसंच. सकाळी मास्तर आले, तर मांडलेल्या पूजेपासून हातभर अंतरावर बापूसाहेब.

"पूजेची हत्यारं मुडद्यापाशी कशी ठेवू बाई मी? इटाळ नाही होत? माया बापानं भाता चालवला जलमभर, त्यानं हेच शिकवलं. आधी सारी हत्यारं कपाटात ठेवली, कुलूप लावलं, मंग चौकीवर गेलो. फौजदारानं विचारलं, कशाले हात लावला का? मी भेलो. नाही म्हणलं."

सिंधूने कपाळावर हात मारून घेतला. धर्मभीरू माणसाच्या एका भाबड्या चुकीने अख्खी जागा पुसून टाकली होती. पोलिसांनी पाहिलं ते कुलूपबंद कपाट. खुनाच्या वेळी मात्र कपाट रिकामं होतं आणि पंच फुलांत मांडून ठेवले होते, येणाऱ्या कोणाच्याही हाताशी. किल्लीची गरजच नव्हती.

तिने कपाट उघडायला लावलं. पंचांच्या पेटीत प्रत्येक पंचाच्या डोक्यावर कुंकवाचं गोल बोट वाळलेलं होतं. फक्त 'डी' आणि 'टी' या दोघांवरचं ठोक्याने चेपून पसरलं होतं. हातोड्या मोजल्या तर वर्कशॉपच्या सामाईक हातोड्यांपैकी एक कमी होती, कोरी, बिननावाची. मास्तरांनी ते पाहिलं आणि ते स्टुलावर परत बसले.

"मग आता मले घेऊन जातील," ते म्हणाले.

"तुमचा तर आता प्रश्नच मिटला," सिंधू म्हणाली. "मास्तर, देवरावची हत्यारं कधी पूजेत मांडली होती?"

"कधीच नाही. पहिल्या वर्षी मी तणतणलो होतो, बापूसाहेब म्हणाले, त्याचं त्याच्याजवळ राहू दे. तवापासून त्याची पेटी कोपऱ्यात ठेवून द्यायचो मीच."

मंडळातल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक होतं, आणि मास्तरांना सगळ्यांत जास्त. यांच्यापैकी कोणालाही देवरावला अडकवायचं असतं, तर त्याने पूजेतली हातोडी उचलून तिच्यावर देवरावचं नाव कधी घातलं नसतं. निदान कुंकू तरी पुसलं असतं. ही चूक बाहेरच्याची होती. पाटावर मांडलेली हत्यारं पाहून जो धरून चालला की सगळ्या पोरांची यात असणार, त्याची.

पण बाहेरचा म्हणजे कोण? दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला अर्धी अमरावती एकमेकांच्या घरी जात असते.

४

सहदेवकडे जायचं सिंधूला दोनदा सुचलं आणि दोनदा तिने टाळलं. त्याच्या हाताकडे पाहणं तिला जमत नसे. अखेर गेली. सहदेव दारात बसून डाव्या हाताने बिड्या वळायचा प्रयत्न करत होता.

दसऱ्याच्या सकाळी बापूसाहेब त्याच्याकडे आले होते. त्याच्या डाव्या हातात आपट्याचं पान दिलं, बराच वेळ तो हात धरून ठेवला, आणि म्हणाले की त्या जिनातून मी माझी सगळी पोरं काढून घेतो आहे. दसरा झाला की तू आणि मी मिळून फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाऊ. मॅनेजर खुशालराव आज सोनं द्यायला येतील, तेव्हा तसं तोंडावर सांगणार आहे.

हे फौजदारांना काहून नाही सांगितलं, असं तिने त्याच्याच भाषेत विचारलं.

"मले कोन विचारते बाई," सहदेव म्हणाला.

खुशालराव ढोमणे त्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीचे मॅनेजर. एके काळी स्वतः फिटर होते, तिथून खुर्चीपर्यंत चढले, आणि तो चढ सगळ्यांना ऐकवायचा त्यांना फार सोस. दरवर्षी मंडळाकडून मूठभर शिकाऊ पोरं मागून घ्यायचे, हंगाम संपला की 'शिकून झालं' म्हणून परत पाठवायचे. आणि देवरावला ते चांगले ओळखत होते. सहदेवचा हात गेला तेव्हा फाटकात उभं राहून शिव्या घालणारा तोच होता.

सिंधू दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेली, शोकसभेचं आमंत्रण द्यायला. निमित्त खरंच होतं. जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. नव्या हंगामाचं वंगण मशीनवर चमकत होतं आणि रोलरपाशी उभ्या असलेल्या पोरांपैकी एकाला तिने ओळखलं. ते मंडळाचंच होतं. त्याने मान खाली घातली.

खुशालरावांनी चहा मागवला, डोळे पुसले. दसऱ्याला भेटायला येणार होतो, पण अकोल्यातून हलताच आलं नाही, जलमभर टोचत राहील म्हणाले. बोलणं गोड होतं आणि कुठेच अडखळत नव्हतं. खरं दुःख इतकं सरळ बोलत नाही, हे सिंधूला पोरांनी शिकवलं होतं. पण एवढ्यावर कोणाला फासावर देता येत नाही.

उठता उठता तिची नजर स्टोअरच्या भिंतीवर गेली. दोन दोन खिळ्यांवर माथा अडकवून हातोड्या ओळीने टांगलेल्या होत्या, दांडे खाली. प्रत्येकीवर फॅक्टरीची अक्षरं. दारातून, मान न वळवता, तिला ती सगळी सरळ वाचता आली.

तिचा पाय दारातच थांबला. चौकीतली हातोडी अशीच लटकत होती, आणि तिच्यावरचं 'डी. टी.' तिने असंच सरळ वाचलं होतं. देवरावच्या पेटीतली हातोडी मात्र आडवी होती, आणि तिच्यावरचंही सरळच वाचता आलं होतं. मग या दोन हातोड्यांवरची अक्षरं एका दिशेने ठोकलेली असूच शकत नव्हती.

मंडळात हत्यारं पेटीत राहतात, म्हणून मास्तर हातोडी आडवी ठेवून अक्षरं ठोकायला शिकवतात. इथे ती भिंतीवर टांगतात, म्हणून टांगल्यावर वाचता येतील अशी. कोणी हे ठरवून करत नाही. हाताला जी सवय लागली ती लागली.

"काय पायता मॅडम?" खुशालरावांनी मागून विचारलं. ते फार जवळ येऊन उभे होते. "काही हवं का?"

"फार टापटीप आहे तुमची," सिंधू म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

५

शोकसभा वर्कशॉपातच, रविवारी दुपारी. गाव लोटलं होतं. भाषणं झाली, बापूसाहेब हयात असते तर त्यांनी निम्म्या वक्त्यांना बाहेर काढलं असतं. शेवटी सिंधू उठली. तिने सांगितलं की पुढच्या तुकडीच्या पोरांसाठी नव्या हातोड्या आणल्या आहेत. बापूसाहेबांचं नाव त्यांच्यावर असावं. ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांनी आपल्या हाताने एकेकीवर 'बी. पी.' ठोकावं.

आधी भगवंत मास्तर पुढे झाले. मग खुशालरावांना बोलावलं. फिटरचा मॅनेजर झालेला माणूस, चारचौघांत हात दाखवायची संधी सोडील कशाला? त्यांनी कोटाच्या बाह्या सारल्या, पंच धरला, आणि दोन ठोक्यांत दोन अक्षरं उठवली. हात पक्का होता. लोकांत कोणीतरी वाहवा म्हणालं.

सिंधूने दोन्ही हातोड्या टेबलावर शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या, दांडे उजवीकडे. मास्तरांची अक्षरं सरळ दिसत होती. खुशालरावांची आडवी झोपली होती. मग तिने सुतळी मागितली, खुशालरावांची हातोडी खिळ्याला लटकवली, आणि तिच्या शेजारी, आधी ठरल्याप्रमाणे, फौजदारांनी पिशवीतून काढून चौकीतली ती दुसरी लटकवली. दोन्हींवरची अक्षरं एकमेकींसारखी ताठ उभी राहिली.

मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्या संध्याकाळी गाव सोनं लुटायला बाहेर होतं, बँड वाजत होते, फटाके उडत होते, दोन ठोक्यांचा आवाज कोणाला येणार? पाटावर मांडलेली हत्यारं, हाताशी असलेले पंच. देवरावचं भांडण बापूसाहेबांनीच खुशालरावांना सांगितलं असणार, त्या पोराचं म्हणणं खरं आहे हे सांगताना. एकाचं तोंड बंद झालं होतं, दुसऱ्याचं बंद करायची ती संधी होती. फक्त एक गोष्ट खुशालरावांना माहीत नव्हती. तायड्यांच्या घरातली हातोडी कोणत्याच दसऱ्याला पाटावर बसत नाही.

"मी अकोल्यातून हाललोच नाही," खुशालराव म्हणाले.

"तुमचा ड्रायव्हर बाहेर आहे," फौजदार म्हणाले. "सभा चालू असताना मी त्याच्याशी बोललो. दसऱ्याच्या संध्याकाळी जीप राजापेठेच्या वळणावर उभी होती. तुम्ही आत गेलात, तो जीपमध्येच बसून होता."

पहिल्या रांगेत सहदेव बसला होता, उजवा हात मांडीवर, उघडा. आजवर तो हात धोतराच्या घडीत लपलेला असे. खुशालरावांनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा गोडवा एकाएकी उतरला.

"त्याची बोटं मशीननं नेली, म्या नाही," ते म्हणाले. "म्हातारा म्हणे, सारे पोट्टे काढून घेतो. हंगाम तोंडावर आला अन् पोट्टे काढून घेतो. म्या हात जोडले त्याले. त्यानं पाठ फिरवली. फुकटातले हात गेले तं जिन कोन चालवते, सांगा ना."

फौजदारांनी त्यांच्या दंडाला धरलं. वर्कशॉपातून बाहेर जाताना त्यांची वाट मोकळी करायला लोक इतके मागे सरले की दोघं-तिघं भिंतीशी ठेवलेल्या पूजेच्या पाटांवर आदळले.

६

देवराव त्याच संध्याकाळी सुटला. सोमवारी पहाटे बडनेरा स्टेशनवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत डोमाजी, दुर्गाबाई आणि सिंधू त्याच्याभोवती उभे होते. पेटी त्याच्या पायाशी होती. कोठडीने पोराचा चेहरा थोडा बदलला होता, तो आता कोणाच्या नजरेला पटकन नजर देत नव्हता. मुलाखतीसाठी सिंधूने किती महिने खपून त्याची मान वर आणली होती. तिला ते पाहून फार वाईट वाटलं, आणि खुशालरावांचा राग नव्याने आला.

गाडीची घंटा झाली तेव्हा भगवंत मास्तर धापा टाकत आले. हातात बी. पी. अक्षरांची हातोडी होती, त्यांनी स्वतः ठोकलेली. बापूसाहेबांची आठवण म्हणून पहिली देवरावची, असं त्यांनी ठरवलं होतं. कोणाचं हत्यार पहिल्यांदा कामावर निघालं की त्याला कुंकू लावून द्यायचं, ही त्यांच्या घरातली पिढीजात रीत. त्यांनी खिशातून करंडा काढला, झाकण उघडलं, बोट कुंकवात बुडवलं.

मग त्यांची नजर दुर्गाबाईकडे गेली. ती त्या लाल बोटाकडे पाहत होती. मास्तरांनी ते बोट स्वतःच्या धोतराला पुसलं. हातोडी तशीच, बिनकुंकवाची, देवरावच्या हातात ठेवली.

"नीट वापर," ते म्हणाले.

देवरावने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हातोडी त्याने पेटीत ठेवली, आडवी, दांडा उजवीकडे, आणि गाडीत चढला.

गाडी गेल्यावर सिंधू थोडा वेळ फलाटावर थांबली. पलीकडच्या साइडिंगला कापसाच्या गाठी चढत होत्या. हंगाम लागला होता. साऱ्या वऱ्हाडात जिनांचे भोंगे सुरू झाले होते, आणि त्यांतल्या किती रोलरांपाशी शिकाऊ म्हणून नेलेली पोरं उभी आहेत, ते आता तिला स्वतः जाऊन पाहावं लागणार होतं. बापूसाहेब नव्हते. तिने मास्तरांना विचारलं की चांदूरच्या जिनाकडे जायला गाडी कितीला आहे, आणि दोघं तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागले.